डीएनएस म्हणजे नाक, सलाईन की इंटरनेट? वैद्यकीय आणि संगणकीय मजकुराच्या नव्या अनुवादकासाठी

एकाच आठवड्यात माझ्याकडे तीन कामं आली होती. कान-नाक-घसा तज्ज्ञाचा तपासणी अहवाल, वॉर्डमधला औषधांचा तक्ता आणि घरात बसवायच्या वायफाय राउटरची माहितीपुस्तिका. तिन्हींत डीएनएस ही अक्षरं होती. अहवालात त्यांचा अर्थ होता नाकातला वाकडा पडदा. तक्त्यात तेच डेक्स्ट्रोज नॉर्मल सलाईन, म्हणजे 5 टक्के ग्लुकोज आणि 0.9 टक्के मीठ असलेलं सलाईन. राउटरच्या पुस्तिकेत मात्र संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा. अहवाल मी आधी संपवला होता, डोक्यात नाकच बसलं होतं, आणि तक्त्याच्या अनुवादात मी रुग्णाला नाकाचा पडदा 500 मिलिलिटर चढवायला सांगून मोकळा झालो. रात्री पुन्हा वाचताना आधी हसू आलं, मग घाम फुटला.

या दोन क्षेत्रांतला अनुवाद नव्याने करू लागलेल्यांना मी एकच गोष्ट सांगतो. प्रतिशब्द शोधायला लगेच धावू नका. ते वाक्य कोण, कोणाला आणि कशासाठी सांगतोय ते आधी ठरवा. मग प्रतिशब्द बहुतेक वेळा सुचतो, आणि नाही सुचला तर अनेकदा त्याची गरजच नसते.

आधी कागदाचं घर ओळखा

फाईल उघडली की पहिलं वाक्य टंकायच्या आधी एका ओळीत लिहून ठेवा: लिहिणारा कोण, वाचणारा कोण, वाचून तो काय करणार. डिस्चार्ज कार्ड एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहितो, तरी ते घरी घेऊन जातो रुग्ण. औषधचाचणीचं संमतीपत्र थेट रुग्णासाठी असतं आणि त्याखाली तो सही किंवा अंगठा करतो. सर्व्हरवरच्या चुकीचा संदेश एखाद्या अभियंत्यासाठी असतो. तोच संदेश बँकेच्या अ‍ॅपमध्ये आला तर पेन्शन पाहायला बसलेल्या आजोबांसाठी असतो. शब्द एकच असला तरी या दोघांसाठी मराठी एकच असून चालत नाही.

लघुरूप सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका

मूळ मजकुरातल्या सगळ्या लघुरूपांची यादी करा आणि प्रत्येकासमोर पूर्ण रूप लिहा. अंदाजाने लिहिलं असेल तर प्रश्नचिन्ह ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या अनुभवात निम्म्या चुका इथेच अडकतात.

ओएस घ्या. संगणकवाल्याला विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड आठवतं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लॅटिनमधून आलेलं तेच ओएस म्हणजे डावा डोळा. कर्करोगाच्या चाचणीच्या कागदांत ते एकूण जगण्याचा कालावधी दाखवतं. एपीआय औषध कारखान्यात गोळीतला मूळ गुणकारी घटक असतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची ठरलेली रीत. आयपी तर भारतात तीन ठिकाणी भेटतं: गोळ्यांच्या पाकिटावर औषधाच्या नावापुढे छापलेलं आयपी भारतीय औषधसंहितेचं, रुग्णालयाच्या पावतीवरचं आंतररुग्णाचं आणि राउटरवरचं इंटरनेटच्या पत्त्याचं. सीबीसी रक्ताच्या पेशींची मोजणीही असते आणि मजकूर सांकेतिक करण्याची एक पद्धतही.

ओडी जरा जास्त जपून. आपल्याकडच्या चिठ्ठीत त्याचा अर्थ दिवसातून एकदा. नेत्रविभागात तेच उजवा डोळा. डोळ्यात घालायच्या थेंबांच्या चिठ्ठीवर ओडी असेल तर शेजारच्या ओळी बघूनही खात्री होईलच असं नाही. तिथे विचारायचंच. बीडी दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच, हे पाठ करून टाका. एसओएसला आणीबाणीची हाक समजणारे मला भेटले आहेत. डोकं दुखलं तर घ्यायची साधी गोळी असते ती.

साध्या शब्दांवर जास्त संशय घ्या

मोठा, जोडाक्षरांनी भरलेला शब्द आला की आपण सावध होतोच. फसवतात ते रोजचे शब्द.

लघवीच्या तपासणीत कल्चर असं लिहिलेलं असतं. यांत्रिक अनुवादाने त्याची संस्कृती केलेली मी पाहिली आहे. प्रत्यक्षात नमुना पोषक द्रव्यात ठेवून जंतू वाढतात का ते बघतात. त्याच अहवालात खाली प्रतिजैविकांची नावं आणि प्रत्येकापुढे सेन्सिटिव्ह किंवा रेझिस्टंट. इथे घरचे हमखास उलटा अर्थ घेतात. सेन्सिटिव्ह वाचून वाटतं की रुग्णाला त्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे. असतं उलट, ते औषध त्या जंतूवर चालतं. रेझिस्टंट वाचून वाटतं प्रतिकारशक्ती चांगली आहे; प्रतिकार जंतूने केलेला असतो आणि ते औषध निकामी असतं. अशा ठिकाणी मी शब्दाला शब्द ठेवत नाही. ‘या औषधाने हा जंतू मरतो’ आणि ‘या औषधाला हा जंतू दाद देत नाही’ असं सरळ लिहितो. दाद देणे हा वाक्प्रचार इथे इतका चपखल बसतो की परिभाषेची आठवणही येत नाही.

पॉझिटिव्हला सकारात्मक करू नका. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे जे शोधत होते ते सापडलं, आणि ती बहुधा वाईट बातमी असते. क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या अहवालात एखादा अवयव उल्लेखनीय नाही असं शब्दशः येतं, तेव्हा त्यात दोष आढळला नाही एवढंच सांगायचं असतं. डिस्चार्ज हा जखमेतून येणारा स्राव, आणि घरी सोडणंही.

संगणकाच्या बाजूला ही गंमत आणखी चालते, कारण तिथले बहुतेक शब्द घरातून, बंदरातून, शिवणकामातून उचललेले. लिनक्समध्ये एका प्रक्रियेतून दुसरी निघाली की दुसरीला पहिलीचं अपत्य म्हणतात, आणि ती बंद करायच्या आज्ञेला मारणे. शब्दशः मराठी केलं तर मुलाला मारण्याची सूचना तयार होते. आई आधी संपली तर अनाथ प्रक्रियाही असते. तिथे ‘उपप्रक्रिया थांबवा’ एवढं पुरे. फ्री मेमरी म्हणजे मोकळी जागा, फुकटची नव्हे. आणि कॅश! तात्पुरत्या साठ्याच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार आणि रोख रकमेचा उच्चार देवनागरीत हुबेहूब एक होतो. पैशांच्या अ‍ॅपमध्ये ‘कॅश साफ करा’ असं बटण दिसलं तर कोण दाबेल? काही जण कॅशे लिहितात. मला ‘तात्पुरता साठा पुसा’ बरं वाटतं.

शब्द फोडायला शिका, पण त्यावर विसंबू नका

वैद्यकातले लांब शब्द बहुतेक ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे असतात. शेवटी आयटिस आलं की दाह, एमिया आलं की रक्ताशी संबंध, स्कोपी म्हणजे नळी घालून आत पाहणं. शस्त्रक्रियेच्या तीन शेपट्या मात्र वेगळ्या ओळखायला हव्यात. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, जसं अपेंडिसेक्टॉमी. ऑटॉमी म्हणजे छेद देणं, जसं लॅपरोटॉमी, पोट उघडून पाहणं. ऑस्टॉमी म्हणजे बाहेर तोंड करून देणं, जसं कोलोस्टॉमी, ज्यात आतड्याचं तोंड पोटावर आणतात. रुग्णाच्या दृष्टीने या तीन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ओमा म्हणजे गाठ हेही शिकवलं जातं. लायपोमा चरबीची निरुपद्रवी गाठ, लिम्फोमा कर्करोग, हिमॅटोमा साकळलेलं रक्त. मग येतो ग्लॉकोमा, ज्यात गाठीचा पत्ताच नाही. तो आपला काचबिंदू. शब्द फोडून अर्थाच्या गावापर्यंत पोहोचता येतं, घर मात्र विचारूनच सापडतं.

देवनागरीत आणखी एक खड्डा आहे. हायपर म्हणजे जास्त आणि हायपो म्हणजे कमी, यात फरक एका अक्षराचा. हायपोकॅलेमिया म्हणजे रक्तात पोटॅशियम कमी, हायपोकॅल्सेमिया म्हणजे कॅल्शियम कमी. इथे तर फक्त एक जोडाक्षर मध्ये उभं आहे. टंकताना चुकलं तर शुद्धलेखन तपासणीही काही बोलणार नाही, कारण दोन्ही शब्द खरेच. म्हणून रुग्णासाठीच्या मजकुरात मी सरळ ‘रक्तातलं पोटॅशियम कमी होणं’ लिहितो.

गंभीर, तीव्र आणि अचानक

औषधचाचणीची कामं घेणार असाल तर इथे थोडं थांबा, कारण अनुभवी लोकही इथे घसरतात.

चाचणीच्या परिभाषेत सिरियस आणि सिव्हिअर वेगळे आहेत. सिव्हिअर हे त्रासाचं माप: सौम्य, मध्यम आणि मग हे. सिरियस हे परिणामाचं माप: मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती व्हावं लागणं किंवा तिथला मुक्काम लांबणं, कायमचं किंवा मोठं अपंगत्व, बाळातलं जन्मजात व्यंग अशा ठरलेल्या कसोट्या त्याला आहेत. डोकं फुटेल असं दुखलं आणि दोन तासांत थांबलं, तर ते सिव्हिअर आहे, सिरियस नाही. सिरियस घटना ठरलेल्या मुदतीत वरपर्यंत कळवावीच लागते. मराठीत आपण दोन्हींना गंभीर म्हणून मोकळे होतो आणि हा सगळा भेद पुसला जातो.

बरं, सिरियसला गंभीर आणि सिव्हिअरला तीव्र ठेवलं, तर अ‍ॅक्यूटचं काय? त्यालाही सवयीने तीव्र म्हणतात. पण अ‍ॅक्यूट हा काळाचा शब्द आहे: अचानक सुरू झालेलं, थोड्या दिवसांचं. त्याची जोडी क्रॉनिकशी, म्हणजे जुनाट दुखण्याशी. साधी सर्दीही अ‍ॅक्यूटच असते. म्हणून एका कामात तीव्र हा शब्द एकाच अर्थाने वापरायचा आणि अ‍ॅक्यूटला ‘अचानक उद्भवलेला’ म्हणायचं, असं मी पहिल्या दिवशीच शब्दसूचीत लिहून ठेवतो.

याच कागदांत अ‍ॅडव्हर्स इव्हेंट येतं. त्याला औषधाचा दुष्परिणाम म्हणू नका. चाचणी चालू असताना सहभागी स्कूटरवरून पडून हात मोडला तरी तीही अशीच नोंदवायची घटना. औषधामुळे झाली की नाही, हा प्रश्न नंतरचा. ‘अनिष्ट घटना’ बरोबर बसतं.

यादृच्छिक, कृतक औषध, द्विअंध चाचणी हे शब्द कोशात आहेत आणि कोशात ते योग्यच आहेत. पण शेतावरून थेट ओपीडीत आलेल्या माणसाच्या संमतीपत्रात त्यांचा उपयोग नाही. तिथे मी लिहितो: तुम्ही कोणत्या गटात जाल ते नाणेफेकीसारखं केवळ योगायोगाने ठरेल, एका गटाला दिसायला औषधासारखी पण औषध नसलेली गोळी मिळेल, कोणाला काय मिळालं हे तुम्हालाही माहीत नसेल आणि तुमच्या डॉक्टरांनाही. असा अनुवाद बहुधा दुसऱ्या अनुवादकाकडून उलट इंग्रजीत करवून मुळाशी ताडून बघतात. उलट अनुवादात पकडले जाऊ या भीतीने नवखे लोक कोशातला शब्द धरून बसतात. घाबरू नका. अर्थ पूर्ण उतरला असेल तर तो उलट दिशेनेही निघतो.

कोश उघडा, पण तो कुठल्या भाषेचा ते बघा

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाची स्थापना 1960 सालची. त्यांचे विषयवार परिभाषा कोश आता इंटरनेटवर शोधता येतात. केंद्राचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग 1961 चा, त्याचा भर मुख्यतः हिंदीवर. दोन्हींची लिपी एक, मुळं संस्कृतात, त्यामुळे हिंदी शब्द उचलून मराठीत ठेवायचा मोह होतो.

संशोधन बघा. हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती. चाचणीच्या आराखड्यात बदल झाला की हिंदी संमतीपत्रात संशोधन येतं, आणि कोणीतरी ते तसंच मराठीत आणतो. मराठी वाचकाला वाटतं, आता आपल्यावर नवंच संशोधन सुरू झालं. हिंदीतलं संक्रमण म्हणजे संसर्ग; आपलं संक्रमण मकरसंक्रांतीचं. कोश नेहमी दुसरा साक्षीदार म्हणून वापरा. पहिला साक्षीदार म्हणजे तो शब्द रोज बोलणारा माणूस.

अर्थात तो बोलणारा माणूसही कधी कधी घोळ घालतो. ‘बाबांना झटका आला’ या वाक्यात हृदयविकार, पक्षाघात आणि फिट तिन्ही मावतात. चक्कर येणे म्हणजे घर फिरल्यासारखं वाटणं की डोळ्यांपुढे अंधारी, हे सांगणाऱ्यालाच विचारावं लागतं. ‘मला बीपी आहे’ यातला बीपी नेहमी वाढलेलाच असतो. प्रश्नावलीचा अनुवाद करताना हे शब्द टाळायचे नाहीत, कारण लोक तेच बोलतात. पण पुढे अर्धं वाक्य जोडायचं. ‘झटका, म्हणजे हातपाय वाकडे होऊन शुद्ध हरपणे’ असं.

कोणता परका शब्द ठेवायचा आणि कोणता बदलायचा? माझी कसोटी साधी आहे. औषधाच्या दुकानात तो शब्द उच्चारल्यावर दुकानदाराने पुन्हा विचारलं नाही, तर तो मराठी झाला. सलाईन, सोनोग्राफी, ऑपरेशन, फाईल, पासवर्ड, मोबाईल यांना हात लावू नका. रक्तदाब, मधुमेह, भूल, संगणक हे मराठी शब्द रुजलेत, ते आनंदाने वापरा.

बटणं आणि रिकाम्या जागा

अ‍ॅपमधले मजकूर तुमच्याकडे एकेक तुकडा म्हणून येतात, पडदा दिसत नाही. चित्र मागा. मिळालं नाही तर निदान तो शब्द क्रियापद आहे की विशेषण हे विचारा. ‘उघडा’ हे बटणावर आज्ञा म्हणून ठीक आहे, पण दवाखाना चालू आहे हे सांगायला तेच वापरलं तर दवाखाना उघडा पडतो.

रुग्णालयाच्या नोंदणीच्या अ‍ॅपमध्ये हमखास येणारा पेच असा: वर प्रश्न, अपॉइंटमेंट रद्द करायची का? खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. इंग्रजीत पहिल्या बटणाचा अर्थ असतो, जाऊ दे, मागे चला. मराठीत तेच बटण दाबून माणूस अपॉइंटमेंट रद्द झाली समजतो आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्याची वाट बघत बसतात. ‘हो, रद्द करा’ आणि ‘नको, राहू द्या’ असं लिहिलं की भांडण मिटतं.

मग रिकाम्या जागा, जिथे प्रोग्रॅम ऐनवेळी नाव किंवा आकडा भरतो. मराठी विभक्तीला ही सोय मानवत नाही. पुणे भरलं गेलं आणि पुढे ‘मध्ये’ असेल तर ‘पुणे मध्ये’ असं बोबडं वाक्य निघतं. नावाला प्रत्यय लागणार नाही अशी रचना करा: ‘शहर: पुणे’. लिंगाचंही तसंच. फाईल पाठवली, संदेश पाठवला, छायाचित्र पाठवलं. रिकाम्या जागेत काय येईल ते कळत नसेल तर ‘पाठवून झालं’ तिघांनाही चालतं.

आकडे शेवटी, वेगळ्या बैठकीत

मजकूर संपल्यावर फक्त आकडे आणि एककं तपासायची एक फेरी करा. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते; मिलिग्रॅम झालं तर हजारपट. दोन्हींची मराठी लघुरूपं करूच नका, पूर्ण लिहा. मात्रा 1 असेल तर 1.0 लिहू नका, टिंब पुसट छापलं की 10 होतात. प्लेटलेट 1,50,000 असतील तर कंसात ‘दीड लाख’ लिहा, कारण घरचे तसंच बोलतात. ‘दर 12 तासांनी’ आणि ‘दिवसातून दोनदा’ यांत अदलाबदल नको. मुळात जे आहे तेच ठेवा. संगणकात मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक आहे: 100 मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात, आणि कंपनीने फसवलं म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या काही इथूनच निघतात.

प्रश्न विचारायची रीत

शंका उरतातच. ‘या शब्दाचा अर्थ काय’ असं विचारलं तर उत्तर उशिरा येतं, किंवा त्याच शब्दाची आणखी अवघड व्याख्या येते. पान, ओळ, तुम्हाला दिसणारे दोन अर्थ आणि त्यांतला तुम्ही धरलेला एक, असं लिहून पाठवा. समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं राहील. ‘पान 4, ओळ 11, ओडी: दिवसातून एकदा धरलं आहे, उजवा डोळा तर नाही ना?’ अशा माझ्या एका प्रश्नाला दहा मिनिटांत उत्तर आलं होतं: उजवा डोळा.